थरथरती मूठ

अर्धांगवायूतून उठल्यावर जव्हारचा जादूगार गुलाम प्रथमच मोखाड्याच्या बाजारात खेळ करत होता. पिसताना पत्ते सांडत, म्हणून त्याने नाणं निवडलं. निघताना बायको अमीरबी म्हणाली, "पत्त्यांत चुकलात तर दुसरं पान काढून वेळ मारून नेता येते. नाणं पडलं की संपलं." "पत्त्यांना चपळ बोटं लागतात. नाण्याला लोकांची नजर वळवली की पुरतं," तो म्हणाला. आता त्याने नाणं उजव्या मुठीत धरलं. मूठ थरथरू लागली. गर्दी पुढे झुकली. बाजूला पैशांची थाळी घेऊन उभ्या अमीरबीचे डोळे धास्तीने मुठीवर खिळले. गुलामने बोटं उघडली. तळवा रिकामा होता. नाणं त्याने डाव्या हाताने भाजीवाल्या रखमीआजीच्या टोपलीतून काढलं. "माझ्या टोपलीत कवा शिरलं रं?" म्हातारी हसली. त्याचे हात ओळखणारी अमीरबीही थरथरत्या मुठीकडे बघत फसली होती. सुटकेचा निःश्वास सोडून ती थाळी घेऊन गर्दीत शिरली.