उजवा पंख

"नीट धर ना, नोलीन. हलवू नकोस."

"मी कुठे हलवतेय? तूच हलतोयस."

क्लॅरीने डबीत दोन नळ्यांचा गोंद कालवून ठेवला होता. एकदा कालवला की थोड्याच वेळात त्याचा दगड होतो. त्यामुळे पंख जोडताना शेडमध्ये नेहमी घाई असायची आणि पंखाच्या दुसऱ्या टोकाला नेहमी त्याची बायको असायची. मुलांपेक्षा विमानांचे पंखच जास्त वेळ हातात धरलेत, असं नोलीन सगळ्यांना सांगायची. आजचे पंख विरावेचे होते, युद्धाच्या काळातल्या त्या जाडजूड शिकाऊ विमानाचे. लाकडी किट, आतला एकेक तुकडा क्लॅरीने हाताने घासलेला. ईस्टरला ते टम्बी बेच्या मैदानावर, छोटी विमानं बनवणाऱ्यांच्या सगळ्या क्लबासमोर, रिमोटवर उडायचं होतं.

डावा पंख सांगाड्यावर चपखल बसला. उजवा बसेना.

क्लॅरीने तो फिरवून पाहिला. पुढची कड पुढे आली, पण पंखाची फुगीर बाजू खाली गेली. मग त्याने तो पालथा केला. फुगीर बाजू वर आली, तर पुढची कड मागे गेली. त्याने पुन्हा फिरवला.

नोलीनला ते त्याच्या आधी दिसलं. दोन्ही पंख डावे होते.

नकाशाच्या कागदावर पंख एकच छापलेला असतो, डावा. दुसरा करायची वेळ आली की कागदाला तेल चोळायचं. रेघा पाठीमागून दिसायला लागतात. मग कागद उलटा करायचा आणि त्यावर उजवा पंख रचायचा. ही युक्ती क्लॅरीनेच अर्ध्या क्लबाला शिकवली होती. "नोल, तेल!" अशी हाक शेडमधून आली की ती चरफडत स्वयंपाकघरातली बाटली नेऊन द्यायची. त्या घरात मासे तळायला कमी आणि विमानांना जास्त तेल लागायचं. या खेपेला हाक आलीच नव्हती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. फळीवर टाचलेला कागद कोरडा ठणठणीत होता.

"किटवाल्यांनी घोळ घातलाय," क्लॅरी म्हणाला. "लाकूडच चुकीचं कापलंय."

"असेल."

"असेल काय? आहेच! आजकाल कुणाला लाज म्हणून राहिली नाही."

त्याचा आवाज चढला होता. डबीतला गोंद घट्ट होत चालला होता. पंख त्याच्या हातात पुन्हा फिरला, आणि नोलीनला त्याच्या डोळ्यांत भीती दिसली. मागच्या आठवड्यात जेटीवरून घरी येताना, रोजच्याच वळणावर गाडी थांबवून तो असाच बघत बसला होता.

तिला घाबरायचं नव्हतं. दोन डावे पंख कुणाच्याही हातून होतात. क्लबाच्या भिंतीवर असाच एक डावा पंख टांगलेला आहे, आणि दरवर्षी हा पराक्रम जो करेल त्याचं नाव त्यावर रंगवतात. ती प्रथाही क्लॅरीचीच, क्लबातल्या जुन्या मित्राची, डग प्रिडोची चेष्टा करायला काढलेली. तिथे डॉक्टरांचं नाव आहे, पाद्र्याचं आहे. चांगली शहाणीसुरती माणसं आहेत ती. नोलीनने मनातल्या मनात सगळी नावं वाचून काढली.

"क्लॅरी," ती जमेल तितक्या सहज आवाजात म्हणाली, "भिंतीवर तुझं नाव कुठल्या रंगात काढायचं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हातातल्या पंखाकडे पाहिलं, मग सांगाड्यावरच्या पंखाकडे.

"अरे देवा!" क्लॅरी म्हणाला, आणि खो खो हसत सुटला. "दोन डावे! मी! डग आता मला जिवंत सोडत नाही."

"सोडणारच नाही. किती वर्षं वाट बघतोय तो."

"नुसता टपून बसलाय म्हातारा. ए, त्याला आज सांगू नकोस हं. आधी उजवा पंख करतो, मग आपणच सांगू."

नोलीनही हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायची गरज नव्हती. उगाच जीव टांगणीला लावला होता तिने. चूक होती ती, भिंतीवर रंगवायची साधी चूक. वाळून दगड झालेला गोंद तिने डबीसकट कचऱ्यात टाकला. क्लॅरी शीळ घालत कपाटातून जास्तीचं लाकूड काढायला लागला. बाहेर पत्र्यावर पोपटांचा गोंधळ चालला होता, आज तिला त्यांचाही राग आला नाही.

ती घरात गेली, तेलाची बाटली घेऊन आली आणि फळीवर, कागदाच्या अगदी शेजारी ठेवली.

क्लॅरीने बाटलीकडे पाहिलं. त्याचा चेहरा खुलला.

"अरे वा! आज मासे का?"

कोरड्या कागदावर, त्याच डाव्या पंखावर, त्याने नवी पट्टी टाचायला सुरुवात केली होती.

"हो," नोलीन म्हणाली. "मासेच."