उलटा बाटला

ओधवजीने बाटला शिकंज्यात उलटा अडकवला, खटका दाबला आणि समोर बसलेल्या बायकोकडे, समजूकडे पाहिलं. समजूने पदर नाकाला लावला. म्हणजे गॅस सुटला होता. तो पान्हा हातात धरून थांबून राहिला. समोरच्या रस्त्यावरून जहाजातले पलंग भरलेला ट्रक गेला, त्यामागून एक कुत्रं रमतगमत गेलं. मग समजूने पदर खाली सोडला. ओधवजीने झाकण फिरवलं, आतली पिवळी भुकटी पोत्यात ओतली आणि रिकाम्या बाटल्यावर खडूने फुली मारली.

अलंगच्या किनाऱ्यावर मोडायला येणाऱ्या जहाजांतले आग विझवायचे जुने लाल बाटले त्याच्या हातून रिकामे होत, मगच कापायला जात. एकोणतीस वर्षं तो हेच करत आला होता. बाटल्यावरचा काटा शून्यावर असला तरी त्याचा भरवसा नसतो, खाऱ्या हवेत गंजून तो कुठेही अडकून बसतो. म्हणून आधी बाटला उलटा करायचा आणि खटका दाबून ठेवायचा. भुकटी सगळी खाली झाकणाकडे उतरते, आतल्या नळीचं टोक वर मोकळं राहतं आणि बाहेर येतो तो नुसता कोरडा गॅस, त्याला ना वास ना रंग. तो सुटताना बारीक फुसफुस होते. फुसफुस पुरती थांबली की झाकण खोलायचं, त्याआधी नाही. त्याच्या जोडीदाराने, नानजीने, एकदा घाई केली. झाकण उडून छातीत बसलं. त्या दिवशी नानजीचा जेवणाचा डबा न उघडता घरी परत गेला.

आणि नेमकी ही फुसफुसच ओधवजीला ऐकू येईनाशी झाली होती. माणसाचं बोलणं कळायचं, जरा मोठ्याने बोललं की झालं. पण बारीक आवाज उत्तरायणाच्या, संक्रांतीच्या सुमारास जे गेले ते गेलेच. हात धरून पाहिला, तर घट्टे पडलेल्या तळव्याला गॅसची शेवटची झुळूक लागत नव्हती. तो महिनाभर हबकून गेला होता. घरी सांगितलं नाही, मालकाला तर नाहीच. पान्हा हातातून गेला तर मागे उरतो कोण, हे त्याला कळेना.

मग एक दिवस त्याला समजूचा पदर दिसला. ती समोर पाटावर बसून मोकळ्या बाटल्यांना तारेने चिठ्ठ्या बांधायची. खटका दाबला की ती पदर नाकाला लावी, गॅस संपला की सोडी. बाईला धुळीचं वावडं असणार, असं त्याने मनाशी धरलं आणि देवाचे आभार मानले. तेव्हापासून तो तिच्याकडे बघून झाकणं खोलत होता. चाळीस वर्षांच्या संसारात आपण बायकोकडे इतकं कधी पाहिलं नव्हतं, हेही त्याच्या ध्यानात आलं आणि तो एकटाच ओशाळला.

त्या सकाळी मालक जेंतीभाई चांगली बातमी घेऊन आला. समजूकाकीने सोमवारपासून गोधड्या-चादरींच्या गोदामात बसायचं. डोक्यावर छप्पर, वर पंखा, गुडघ्यांना आराम. इथे चिठ्ठ्या बांधायला दुसरा कोणीतरी येईल. समजू म्हणाली, मला इथेच बरं आहे. जेंतीभाई हसला. या वयातही काकांना सोडवत नाही का, म्हणून त्याने तिची थट्टा केली आणि संध्याकाळपर्यंत विचार करून सांग, असं बजावून तो गेला.

ओधवजीचं कामात लक्ष लागेना. ती गेली तर त्याचे कान गेले. पण ती राहिली तर रोज त्या झाकणाच्या समोर बसणार, आणि आपण कशासमोर बसलोय हे तिला ठाऊकही नाही. एखाद्या दिवशी ती जरा दुसरीकडे पाहील, पदर वाऱ्याने खाली येईल आणि तो पान्हा फिरवील. नानजीची छाती त्याच्या डोळ्यांपुढे आली. या बाईला आपण ढालीसारखं पुढे बसवलंय, असं वाटून त्याला स्वतःची लाज वाटली.

दुपारी लिंबाखाली रोटला-कांद्याचं फडकं सोडून समजू त्याच्या वाटीत छास ओतत होती. त्याने घास तोडला आणि तसाच हातात धरला.

"तू गोदामात जा," तो म्हणाला. "मी आजच जेंतीभाईच्या हातात पान्हा देतो. मला फुसफुस ऐकू येत नाही, समजू. उत्तरायणापासून. तुला धूळ सोसत नाही, तू नाक झाकतेस, ते बघून मी झाकणं खोलतो. इतके दिवस तुझ्या नाकावर काम रेटलं आणि तुला एका शब्दाने सांगितलं नाही."

ती रागावेल, रडेल, निदान कपाळावर हात मारील, असं त्याला वाटलं होतं. समजूने वाटी काठोकाठ भरली, लोटा खाली ठेवला आणि ती सरकून त्याच्या जवळ आली. त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन, त्याला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिने विचारलं,

"उलट्या बाटल्यातून कधी धूळ येते का हो?"