मागून घेतलेला ससा

"आमच्या आज्यानं शिशाच्या छर्र्यांनी मारलेलंच खाल्लं, बापानं तेच खाल्लं, आणि मी तर तुमच्यासमोर धडधाकट उभा आहे," असं म्हणून मार्देनने पोटावर थाप मारली. "शिसं विष असतं तर हे पोट कशानं सुटलं असतं, बाई?"

गावच्या क्लबच्या सभागृहात हशा पिकला. तालुक्याहून आलेल्या अधिकारी आइगानिमबाई मात्र हसल्या नाहीत. या खोऱ्यात शिशाच्या गोळ्या-छर्र्यांवर बंदी आणावी का, यावर गावाचं मत त्यांना घेऊन जायचं होतं, आणि सकाळपासून मत एकाच बाजूने पडत होतं. लोखंडी छर्रे महाग. मिळतात ते शहरात. जुन्या बंदुकीची नळी त्यांनी खराब होते. "उद्या म्हणाल, ससा काठीनं मारा!" मागून कोणीतरी ओरडलं.

पुढच्या बाकावर आबिकेन बसला होता. गावातला हा एकच शिकारी बंदूक न बाळगणारा. त्याच्यासाठी शिकार करायची ती शोलपान, त्याची गरुडमादी, आत्ताही त्याच्या उजव्या हातावर होती. पण तिचे पंख लोंबत होते, मान सारखी पुढे कलत होती, आणि ती पडू नये म्हणून त्याने डावा तळहात तिच्या छातीला लावून धरला होता. येत्या वसंतात तो तिला सोडणार होता. पाळलेल्या मादीला म्हातारी होण्याआधी डोंगराला परत द्यायचं, तिची पिल्लं रानात वाढू द्यायची, हे त्याच्या घराण्यात कोणी चुकवलं नव्हतं. आपल्या हातून ते चुकणार, हे आबिकेनला आठवड्याभरापासून कळून चुकलं होतं आणि त्याची जेवणावरची वासना उडाली होती.

आइगानिमबाईंनी तालुक्यात काढलेला शोलपानचा एक्स-रे उजेडाकडे धरला. गरुडाच्या पोटात पांढरे ठिपके स्पष्ट दिसत होते.

"हे शिसं. आबिकेन आगा, तिला काय घातलं होतंत तुम्ही?"

"ससा."

"कुणी मारलेला?"

आबिकेनने शोलपानची कललेली मान सावरली. पहिल्या बर्फाच्या दिवशी मार्देन घोड्यावरून शिकार घेऊन येताना वाटेत भेटला होता आणि आबिकेननेच हाक मारली होती, "शिराल्गी, व्याहीबुवा!" परतणाऱ्या शिकाऱ्याला वाटेत हा शब्द ऐकवला की त्याने वाटा द्यायचाच. मागणाऱ्याला त्यात लाज नाही, देणाऱ्याला नकार नाही. मार्देनने सगळ्यांत मोठा ससा काढून दिला होता. आबिकेनने तो घरी नेऊन सोलला आणि, गरुडाला घालतात तसं, त्याचं मांस गार पाण्यात धुऊन धुऊन पांढरं केलं होतं. पाण्याने मांसातलं सगळं निघून जातं असं त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं.

"बोला की, व्याहीबुवा!" मार्देनला चेव आला होता. "लाजताय काय? का आमच्या पोरीच्या हातचा स्वयंपाक घातलात पाखराला? मग मात्र बंदी तिच्यावर आणा!"

पुन्हा हशा. मार्देनची ती पोर आबिकेनची सून होती. गेले आठ दिवस तीच शोलपानच्या चोचीत थेंब थेंब पाणी घालत होती. इथे खरं बोललं तर उद्या घरात मान खाली घालायची ती तिने.

"मीच मारला," तो म्हणाला.

हसू जिथल्या तिथे थांबलं. बाईंनी डोळे बारीक केले. "तुम्ही? बंदूक आहे तुमच्याकडं? परवाना?"

मार्देनच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. कान धरून आपणच व्याह्याच्या हाती दिलेला ससा त्याला आठवला असावा. तो खाकरला.

"बाई, ह्यांना बंदूक कुठल्या टोकानं धरतात तेसुद्धा ठाऊक नाही. ससा माझा होता. छर्रे माझे."

"बसा हो तुम्ही," आबिकेन म्हणाला. "मी मागितला, तुम्ही दिलात. दिल्यावर तो माझा झाला. त्याचं बरंवाईट माझं."

एक्स-रे खाली ठेवून आइगानिमबाई म्हणाल्या, "बंदी हवी असेल त्यांनी हात वर करा."

मार्देनने हात वर केला. त्याने वळून पाहिलं. सकाळपासून त्याच्या प्रत्येक वाक्याला माना डोलावणारे सगळे आता आपापल्या बुटांकडे बघत होते. एक हात, तोही त्याचाच. त्याने तो खाली घेतला नाही.

"आगा, तुमचं मत?" बाईंनी विचारलं.

आबिकेनच्या उजव्या हातावर शोलपान होती आणि डावा तिच्या छातीला टेकलेला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. कुठलाच हात हलला नाही.

मार्देन बाकांमधून वाट काढत त्याच्यापाशी आला. शर्टाची बाही खाली ओढून त्याने आपला हात पुढे केला.

"द्या इकडं तिला, घटकाभर मी धरतो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "सकाळपासून धरून बसलाय. हात भरून आला असेल."

"नाही आला," आबिकेन म्हणाला. "आता तिला वजनच राहिलं नाही."