नायोबीच्या आईने ठेवलेलं नाव

बंगळूरच्या छावणीतल्या दवाखान्यात म्हातारी अँग्लो-इंडियन नर्स नायोबी जन्माचा दाखला लिहायला बसली. तान्ही मुलगी तानूबाईच्या कुशीत होती. तिच्या आधीची तिन्ही मुलं वर्षाची व्हायच्या आत गेली होती.

"धोंडाबाई लिहा, अक्का."

"धोंडा? बरं नाव ठेव गं पोरीचं!"

"बऱ्या नावाची तीन नेली यमानं. धोंड्याकडं तो बघत नाही. तुमच्या नावाचा अर्थ काय हो?"

"ग्रीक पुराणातली आई. सगळी मुलं मेली, रडून रडून तिचा दगड झाला. असलं अभद्र नाव! आईला मी कधी माफ केलं नाही."

तानूबाईने हळूच विचारलं, "अक्का, तुमच्या आधीची किती गेली होती?"

नायोबीची लेखणी थांबली.

"दोघं," ती म्हणाली.