चिकटून बसायचं

शनिवारी दुपारी ऑफिसातून घरी आले, तर माझे सासरे अप्पा हॉलच्या लादीवर आडवे पडलेले आणि त्यांना चिकटून माझी नऊ वर्षांची ज्ञानदा मोबाइल घेऊन बसलेली. अप्पांचा हात गार पडला होता. "कधी पडले?" "साडेअकराला." आता दीड वाजला होता. "मग मला फोन का नाही केलास?" "गेम बंद पडला असता. जखमी लांडग्याला सोडून कळप गेला की तो मरतो. सगळ्यांनी चिकटून बसायचं, मग तो उठतो." तिने मोबाइल दाखवला. त्या गेममध्ये ती लांडगा बनते. कळपातल्यांना तिने लिहिलं होतं, आमचे आजोबा पडलेत. कुठली कुठली पोरं ती, त्यांना हाही खेळच वाटला. "हलू नकोस, आम्ही आलोच," असं लिहून अकरा लांडगे खरंच आले होते आणि दोन तास तिच्या लांडग्याभोवती बसून होते. समोरच्या फ्लॅटमधल्या संजनावहिनी घरीच होत्या, पण फुलपाड्यात राहायला आल्यापासून या पोरीने त्यांचं दार एकदाही वाजवलेलं नाही. कशी वाजवेल? कामावर निघताना आम्हीच तिला रोज दम देतो, काही झालं तरी दार उघडायचं नाही. रागाच्या भरात मी तिच्यावर हात उगारला होता, तो माझ्याच थोबाडीत मारून घ्यावासा वाटला. संजनावहिनींना बोलवायला मी उठले, तशी तिने माझी ओढणी धरली. "आई, आता तू तरी जाऊ नकोस ना. आजोबा उठतीलच."