ज्येष्ठांची हरकत

वाघोलीच्या नव्या विकास आराखड्यात वैजनाथच्या सोसायटीला लागूनच स्मशानभूमीचं आरक्षण पडलं आणि कमिटीने सुनावणीला त्यालाच पुढे केलं. "आईंना सोबत न्या," सेक्रेटरी म्हणाले, "म्हातारं माणूस समोर दिसलं की हरकतीला वजन येतं." म्हणून सत्यशीलाबाई ठेवणीतली साडी नेसून लेकाशेजारी अधिकाऱ्यांसमोर बसल्या होत्या.

वैजनाथने घसा साफ केला. "साहेब, खिडकीतून रोज चिता दिसणार. घराघरांत म्हातारी माणसं आहेत. त्यांच्या मनावर काय परिणाम होईल, याचा कुणी विचार केलाय का?"

सकाळपासून हरकती ऐकून अधिकाऱ्यांचे कान किटले होते. "स्मशान सगळ्यांनाच हवं असतं, फक्त दुसऱ्याच्या खिडकीखाली," ते म्हणाले. मग जरा नरमाईने त्यांनी विचारलं, "आजी, तुमची काय हरकत आहे?"

"घरापासून किती लांब हाय ते?"

"चालत पाच मिनिटंही नाहीत."

वैजनाथने आईकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम सैलावला होता.

"मग ऱ्हाऊ द्या तिथंच," ती म्हणाली. "ह्याचे वडील गेले तवा त्यांना गावी नेलं, परभणीला. हा रातभर गाडीत त्यांच्या उशाशी बसून होता, घोटभर पाणी नाही पिला. माझ्या वेळंला लेकराचे एवढे हाल नकोत."