नानांची शिकवणी

"ओच्यामे, नानांना सांगा," सेरवाबाई म्हणाल्या, "की मग सगळे एकदम पुढे आले आणि त्यांनी त्याला भोसकलं."

नाना चार हातांच्या अंतरावर बसले होते आणि त्यांचे कान शाबूत होते. पण गावच्या राजाशी कोणी थेट बोलत नाही. सोनेरी मुठीची काठी धरून ओच्यामे अद्दाई मध्ये उभा असतो. त्याच्या तोंडून आलं की मगच राजानं ते ऐकलं असं धरायचं. आणि दरबारात राजाचं मरण उच्चारत नाहीत. कुठल्याच राजाचं. पुस्तकातल्यासुद्धा.

अद्दाईनं घसा साफ केला. "नाना, बाई म्हणताहेत, सभा भरली, थोरामोठ्यांच्या भेटीगाठी झाल्या, आणि तो पुरुषसिंह आपल्या गावाला गेला."

"गावाला?" नाना म्हणाले. "त्याची बायको सकाळपासून म्हणतेय, घराबाहेर पडू नका. आणि हा थेट गावाला?"

सेरवाबाईंनी कपाळ धरलं. परीक्षा पंधरवड्यावर आली होती. लहानपणी सोडलेली शाळा पुरी करीन, अशी शपथ नानांनी गादीवर बसताना घेतली होती. बाकीचे विषय कसेबसे सुटले. हे एक नाटक राहिलं होतं. या खेपेला नापास झाले तर शपथ मोडली, आणि शपथ मोडणाऱ्याला गादीवर ठेवत नाहीत. म्हणूनच सरदार अप्राकू एकही तास चुकवत नसत. नानांच्या खालोखाल मान त्यांचा. नानांच्या अभ्यासाची एवढी काळजी नानांच्या आईनंही कधी केली नव्हती.

"ओच्यामे, परीक्षेत 'गावाला गेला' असं लिहिलं तर शून्य मिळेल हो."

"शून्य नानांना मिळेल, बाई," अद्दाई शांतपणे म्हणाला. "तो दुसरा शब्द तोंडातून निघाला तर दंड म्हणून मेंढी कापावी लागेल. ती माझी असेल."

नाना विचारात पडले होते. "बाईंना विचार, त्या माणसाचा ओच्यामे कुठे होता?"

"नव्हता," बाई म्हणाल्या. "तो स्वतःच बोलायचा."

"छत्री धरणारा?"

"तोही नव्हता."

भोवती बसलेल्या मानकऱ्यांनी च् च् केलं. "एकटा? पायी? सभेला?" एक म्हातारा म्हणाला. "मग गावाला जाणारच की तो."

इथे सरदार अप्राकूंना राहवलं नाही. "मला विचाराल तर चूक त्या कटवाल्यांची आहे."

नानांनी समाधानानं मान हलवली.

"म्हणजे, राजाला गादीवरून उतरवण्यात चूक नाही हो. पद्धत चुकली. सुरे कसले काढता? अडाणी लेकाचे! आधी राजमातेकडे जायचं, गादीवर कोण बसणार ते तीच ठरवते. मागच्या दारानं. जिनच्या दोन बाटल्या घेऊन. ती पहिल्यांदा ऐकूनच घेत नाही. म्हणते, माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे तो. मग आपण तिच्या कोकोच्या मळ्याचं बोलणं काढायचं, बांधावरचं ते जुनं भांडण. मग जरा मऊ पडते. म्हणते, कोनफळांचा सण तेवढा होऊन जाऊ दे. सण झाला की एका पहाटे जायचं, त्याच्या पायांतल्या वहाणा काढून घ्यायच्या, बूड तीनदा जमिनीला टेकवायचं, की संपलं. रक्ताचा थेंब नाही. कुणाची झोपमोड नाही."

कारागिरानं दुसऱ्याचं ओबडधोबड काम पाहून तळमळावं, तसे ते तळमळून बोलत होते.

सेरवाबाईंनी दोन पानं मागे उलटली, दोन पुढे. चूक दिसली की शिक्षकाला गप्प बसवत नाही. "पण सरदार, या नाटकात राजमाता नाहीये. आणि कोकोचा मळाही नाही."

म्हाताऱ्या मानकऱ्यानं खांद्यावरचं वस्त्र उगाचच सारखं केलं.

नाना जागचे हलले नाहीत. आवाजही त्यांनी चढवला नाही. "अद्दाई, सरदारांना विचार, बाटल्या घेतल्या का तिनं?"

प्रश्न सगळ्यांनी ऐकला. अप्राकूंनीही ऐकला, पण ते छताकडे बघत होते आणि तो त्यांचा हक्कच होता. ओच्यामेनं उच्चारेपर्यंत त्यांना कोणी काही विचारलेलंच नव्हतं.

अद्दाईनं उच्चारला नाही.

दोघं एकाच शाळेतून, एकाच खिडकीतून उड्या टाकून पळालेले. नाना गादीवर बसले त्या दिवशी काठी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नव्हता. 'पाणी आण' म्हटलं तरी त्या दोन शब्दांना झालर लावून सांगणारा हा माणूस. आता तो काठीच्या मुठीकडे बघत उभा होता, जणू तिच्यावरचं नक्षीकाम आजच कुणीतरी बदललं होतं.

नाना त्याच्याकडे बघत राहिले. अद्दाईनं काठी या हातातून त्या हातात घेतली.

ती शांतता बाईंना सोसेना. पुस्तकातून मान वर न काढता त्यांनी घाईघाईनं वाचायला घेतलं. "आता पुढचा प्रश्न. हा हमखास येतो. तो सगळ्यांशी एकटा झगडत होता. मग त्या घोळक्यात त्याला आपला जिवलग मित्र दिसला, आणि त्यानं झगडणं सोडून दिलं. का? कारणे द्या. ओच्यामे, नानांना सांगा."

ओच्यामे बोलला नाही.

"राहू दे," नाना म्हणाले, आणि गादीवर बसल्यापासून पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं थेट बाईंशी बोलले. "हा प्रश्न मला येतो."